खालच्याची शिट्टी

...आणि वर तोंड करून मलाच विचारतो, "काका, तुम्ही शिट्टीची भरपाई मागताय?" विमा कंपनीच्या काचेपलीकडचा तो कारकून, माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचा, हसू दाबून दाबून कान लाल झालेले त्याचे. म्हटलं, हो बाबा, शिट्टीची. दातांचं देतो म्हणताय, ओठाच्या टाक्यांचं देतो म्हणताय, चष्म्याचं सुद्धा देतो म्हणताय, आणि चष्मा तर मी तसाही बदलणारच होतो. ते सगळं ठीक आहे, पण शिट्टीचं काय?

तर तो काय म्हणाला माहितीये? म्हणाला, "काका, तसा रकानाच नाही."

आता तुम्हीही हसताय. हसा, पण आधी ऐकून घ्या, मग हसा. मी लिफ्टवाला. म्हणजे लिफ्टमध्ये स्टुलावर बसून मजल्यांची बटणं दाबतो तो नव्हे, लिफ्ट बंद पडली की जो येतो आणि ज्याला येणारा-जाणारा प्रत्येक जण 'अजून किती वेळ लागेल हो' विचारतो, तो. आम्ही दोघांची जोडी. एक वर, गच्चीजवळच्या मशीनच्या खोलीत, आणि एक खाली, लिफ्टच्या खड्ड्यात. त्याला उंदरांची भीती आणि मला जिन्यांचा कंटाळा, त्यामुळे वाटणी पहिल्याच दिवशी झाली ती झाली, तेव्हापासून तो वर आणि मी खाली. ऑफिसात त्याचं नाव 'वरचा' आणि माझं 'खालचा'. अहो, त्याच्या मुलीच्या लग्नात त्याने व्याह्यांशी ओळख करून दिली ती सुद्धा 'हा आमचा खालचा' अशी. ते बिचारे मला भाडेकरू समजले, संध्याकाळपर्यंत मला विचारत होते, पाणी व्यवस्थित येतं ना?

तर वरती तो, खाली मी, आणि मधे दहा-बारा मजल्यांची अंधारी पोकळी. बोलायचं कसं? कंपनीने वायरलेस दिलेत. फार छान आहेत, कपाटात आहेत. त्या पोकळीत ते नुसते खरखरतात, एकदा तर त्यातून कुठल्यातरी टॅक्सीवाल्याचं घरचं भांडण ऐकू आलं, आम्ही काम थांबवून ऐकलं. मोबाइलला रेंज नाही. ओरडावं, तर अख्खी इमारत दारं उघडून बघते, वरच्याला सोडून सगळ्यांना कळतं. मग राहिलं काय? शिट्टी. तोंडाची. ती बरोबर सुतासारखी सरळ वर जाते. वरून दोन छोट्या आल्या की अर्थ, आहेस का? आणि खालून माझी एक लांब, शेवटी जराशी उचललेली, म्हणजे, आहे, बाजूला झालोय, चालव. माझं उत्तर आल्याशिवाय तो बटणाला बोट लावायचा नाही. का लावेल? खाली मी, आणि माझ्या डोक्यावर एवढं लोखंड लटकलेलं.

आणि तुम्हाला सांगतो, ते नुसतं काम नव्हतं हो. आता कसं सांगू... खड्ड्यात अंधार, ग्रीसचा वास, पाठ भिंतीला टेकवून अंग चोरून उभं राहायचं, आणि वरून, लांबून, त्या दोन शिट्ट्या यायच्या. आहेस का? दिवसातून पन्नास वेळा, शंभर वेळा. तुम्हाला विचारतं का हो कुणी दिवसातून शंभर वेळा, आहेस का म्हणून? बायको विचारते, पण ती 'आलात का' विचारते, आणि त्याच्या पोटात 'दूध आणलंत का' असतं. हा नुसतं विचारायचा. आणि मी नुसतं सांगायचो, आहे.

मग ती सवय घरापर्यंत आली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, हसू नका. संध्याकाळी आलो की जिन्याखालूनच एक लांब शिट्टी द्यायची, शेवटी उचललेली. बायको चिडायची. "अहो, वयाचं काही भान? रस्त्यावरच्या टवाळ पोरांसारख्या शिट्ट्या कसल्या मारता? खालच्या काकू काय म्हणतील?" रोज हेच. पण मी तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दार उघडं असायचं आणि चहा उकळत असायचा. रोज.

आणि मग ती गाडी. सांगायला सुद्धा लाज वाटते. समोरून भरधाव आलेल्या गाडीने उडवलं असतं तर माणसाला चारचौघांत सांगायला तरी बरं. मला मागे येणाऱ्या गाडीने पाडलं. बेकरीसमोर उभी होती, मालक मागे घेत होता, गोगलगायीच्या वेगाने, गाडीच्या पडद्यात मागचं दिसतं म्हणे, त्यात बघून घेत होता. त्या पडद्यात बेकरी दिसली, खांब दिसला, मी नाही दिसलो. मी पाव घेऊन वळतोय तोच मागून हलकासा धक्का, अगदी 'जरा सरकता का' म्हणावं एवढाच, आणि मी तोंडावर पदपथाच्या कडेवर. पुढचे दोन दात गेले, वरचा ओठ फाटला, चष्म्याचे दोन चष्मे झाले. पाव मात्र शाबूत.

आणि मालक निघाला चांगला माणूस. हीच तर पंचाईत! शिव्या घालायला सुद्धा वाव नाही. स्वतःचा रुमाल माझ्या तोंडाला धरला, दवाखान्यात नेलं, रात्री उशिरापर्यंत बाकावर बसून राहिला, दुसऱ्या दिवशी फळं घेऊन आला. दात नसलेल्या माणसाला सफरचंदं आणली, पण भावना बघा. हात जोडून म्हणाला, "काका, चूक माझीच. पण विमा आहे, तुम्हाला सगळं मिळेल." सगळं, असं म्हणाला बिचारा. त्याला तरी काय माहीत?

ओठ शिवला, दात बसले. दातांचे डॉक्टर हातात आरसा देऊन म्हणाले, "बघा, पूर्वीपेक्षा सुंदर." खरंच सुंदर होते. "चावता येतंय?" येतंय. "बोलता येतंय?" येतंय. म्हटलं, डॉक्टर, बाकी सगळं ठीक आहे, पण शिट्टीचं काय? म्हणाले, "वाजवा बघू." मी ओठ पुढे काढले, हवा भरली आणि... फूऽऽ. नुसती फुंकर. डॉक्टर म्हणाले, ओठाची नस दुखावली आहे, येईल, न येईल, काही सांगता येत नाही, पण शिट्टी म्हणजे काही अत्यावश्यक क्रिया नव्हे. असं म्हणाले. अत्यावश्यक नव्हे. आणि कामावर जायला तंदुरुस्त असा दाखला हातात ठेवला.

मी घरी आरशासमोर सराव करायचो. फूऽऽ. फूऽऽ. सगळी वाफ आरशावर. बायको आतून म्हणायची, "आरसा पुसून झाला असेल तर जेवायला या."

मी कामावर गेलो. खड्ड्यात उतरलो. वरून दोन शिट्ट्या आल्या, आहेस का? मी म्हटलं, फूऽऽ. वर शांतता. परत दोन. परत फूऽऽ. लिफ्ट जागची हलली नाही. म्हटलं, ठीक आहे, खेळण्यांच्या दुकानातली प्लास्टिकची शिट्टी आणू. आता ती धरायची कुठे? दोन्ही हात ग्रीसमध्ये. गळ्यात लटकवायची नाही, खड्ड्यात गळ्यात काही लटकवायचं नाही हा पहिला नियम, फिरत्या दोरात अडकलं की संपलं. मग तोंडातच धरून काम करायचं ठरवलं. करून बघा तुम्ही. श्वास सोडला की वाजते! मी दमून सुस्कारा टाकला, वरच्याने लिफ्ट चालवली. मी घाबरून धापा टाकल्या, त्याने थांबवली, चालवली, थांबवली. लिफ्टमध्ये एक आजोबा अडकलेले होते, सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधे त्यांना नुसता झोका. बाहेर आले ते भिंत धरून.

त्या दिवशी वरचा खड्ड्याच्या तोंडाशी आला. उंदरांना भिणारा माणूस, म्हणून चार हात लांबच उभा राहिला. म्हणाला, "अरे, नाही जमणार. तुझं उत्तर आलं नाही तर मी बटण कसं दाबू? उद्या काही झालं तर तुझ्या घरी जाऊन वहिनींना काय सांगू, मला वाटलं आहे?" त्याचा आवाज असा झाला होता की मला भांडताच आलं नाही. मी आपणहून साहेबांना सांगितलं, मला स्टोअरमध्ये टाका.

स्टोअर कसं असतं माहितीये? स्वच्छ. ट्यूबलाइट, पंखा, खुर्ची, रॅकवर नट, बोल्ट, वॉशर, प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी. कुणी आलं की वॉशर द्यायचा, सही घ्यायची. लोक म्हणायचे, सुटलास, नशीबवान आहेस. आणि मी दिवसभर खिडकीकडे कान लावून. तिथे कोण विचारणार, आहेस का म्हणून? वॉशर आहेत का, असं विचारायचे. वरच्याबरोबर दुसऱ्या शाखेतला एक जण दिला होता, तोंडात सदा च्युइंगम. मी वरच्याला सहज म्हणून विचारायचो, कसा आहे रे तो? तो म्हणायचा, "बरा आहे. वाजवतो. पण शेवटी उचलत नाही." बस, एवढंच.

आणि घरी? घरी मी बेल वाजवतो. आतून बायको विचारते, "कोण?" तुम्हाला सांगतो, लग्नापासून मला त्या दारात कुणी 'कोण' म्हणून विचारलं नव्हतं. आपल्याच दारात उभं राहून म्हणावं लागतं, "मी." एकदा आत गेलो तर धूर. कांदा पार कोळसा. मी म्हटलं, अगं, लक्ष कुठे आहे? तर चमचा आपटून म्हणाली, "तुमची शिट्टी आली की गॅस बारीक करायचे मी. आता मला कसं कळणार?" आणि तोंड फिरवून कढई घासत बसली, कितीतरी वेळ. जन्मभर जिच्यावरून बोलणी खाल्ली, ती शिट्टी तिच्या स्वयंपाकात होती हो. आता घरात एकच शिट्टी, कुकरची. आणि ती वाजली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही.

मग सांगा, भरपाई मागू नको? रकाना नाही म्हणे! गेलो वकीलबाईंकडे. बाई हुशार. माझं सगळं ऐकून चष्मा डोक्यावर चढवला आणि म्हणाल्या, "आठवण येते, बरं वाटत नाही, असलं कोर्टात चालत नाही. शिट्टी हे तुमच्या कामाचं हत्यार होतं असं दाखवावं लागेल. तुमच्या कंपनीकडून तसं लिहून आणा." आमच्या साहेबांकडे गेलो तर ते खुर्चीतून अर्धे उठले. "शिट्टी? आपल्याकडे? नियमाने वायरलेस वापरतात. शिट्टी वापरतात असं मी लिहून दिलं तर उद्या माझी नोकरी जाईल!" आणि उलट लिहून दिलं, कंपनीत शिट्टीचा वापर होत नाही, सबब शिट्टी नसल्याने कामात काहीही अडथळा येत नाही. घ्या.

मग वरचा म्हणाला, मी साक्ष देतो. मी म्हटलं, अरे, नियम मोडला म्हणून तुलाच नोटीस येईल, निवृत्ती जवळ आली तुझी. तर म्हणाला, "येऊ दे. इतकी वर्षं तुला विचारत आलो, एकदा लोकांनाही कळू दे काय विचारत होतो."

कोर्टाची तारीख आली. मी इस्त्रीचा शर्ट घातला, बायको मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. विमा कंपनीचा वकील उंच, गोड बोलणारा, ही माणसं जास्त वाईट. मला पिंजऱ्यात उभं करून म्हणाला, "वाजवा बघू शिट्टी." मी वाजवली. फूऽऽ. म्हणाला, "मनापासून वाजवा." मी मनापासून वाजवली, तर समोरच्या कारकुनाच्या कागदांवर शिंतोडे. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "पुरे, पुरे, दिसतंय." वकीलबाईंनी माझ्याकडे बघून डोळे मिटून मान हलवली, म्हणजे जिंकलो. तुम्हाला सांगतो, जिंकलो होतो!

नंतर वरचा उभा राहिला. शपथ घेतली, सगळं खरं सांगितलं, वायरलेस कपाटात असतात हेही सांगितलं, आमचे साहेब कोपऱ्यात कपाळाला हात लावून बसले. न्यायाधीशबाईंना कुतूहल वाटलं. म्हणाल्या, "पण नक्की कसं करायचात तुम्ही? दाखवा जरा." वरच्याने एकदा माझ्याकडे बघितलं. जीभ ओठांवरून फिरवली. आणि वाजवल्या, दोन छोट्या.

आहेस का?

मी काय सांगू तुम्हाला... मी विचार केला नाही. कधी केला होता? त्या दोन शिट्ट्या कानावर पडल्या आणि माझ्या तोंडून गेली. एक लांब, स्वच्छ, शेवटी उचललेली. आहे! अख्ख्या कोर्टाच्या छताला जाऊन लागली. पंख्यावरचं कबूतर उडालं. आणि मागच्या बाकावर बायको पिशवी टाकून ताडकन उठून उभी राहिली... गॅस बारीक करायला.

वरचा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतोय, दोघांचेही डोळे भरलेले, आणि हसतोय की रडतोय ते आमचं आम्हालाच कळेना. वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, अगदी हळू. विमा कंपनीचा वकील तर इतका खूश की मला म्हणाला, "अभिनंदन काका." माणूस मनापासून म्हणाला हो, ते जास्त लागलं.

बाहेर आलो. वकीलबाई कागद पिशवीत कोंबून तडक निघून गेल्या, पण मला कुठे त्याचं सोयरसुतक? मला पैसे दिसतच नव्हते, मला खड्डा दिसत होता. वऱ्हांड्यातच वरच्याला म्हटलं, परत दे. त्याने परत दोन दिल्या. मी ओठ काढले... फूऽऽ. म्हटलं, थांब, घाई केली मी, परत दे. परत फूऽऽ. शिपाई धावत आला, "इथे शिट्ट्या वाजवू नका." मी म्हटलं, अहो, तुमच्या तोंडात साखर पडो, वाजतेय का? संध्याकाळी जिन्याखाली उभा राहिलो, बायको वर कठड्याला रेलून ऐकत होती. फूऽऽ. फूऽऽ. शेवटी वरूनच म्हणाली, "राहू दे, या वर. दार उघडं आहे." ती शिट्टी एकदाच आली. येऊन मला खोटं पाडून गेली, आणि परत आली नाही.

निकाल लागला. दातांचं मिळालं, टाक्यांचं मिळालं, चष्म्याचं सुद्धा मिळालं. आणि शिट्टीचं काय? तर लिहिलंय, अर्जदाराने भर न्यायालयात उत्तम शिट्टी वाजवली, सबब ती मागणी फेटाळण्यात येते. 'उत्तम' लिहिलंय. ते वाचून मी जरा वेळ ऐटीत सुद्धा होतो.

तो कागद घेऊन वरचा गेला थेट साहेबांकडे. म्हणाला, "याला खाली परत द्या." साहेब म्हणाले, "पण तूच म्हणाला होतास ना, त्याला शिट्टी येत नाही?" हा म्हणाला, "कोर्ट म्हणतंय येते. आणि तुम्ही लिहून दिलंय, लागतच नाही. मग अडचण कुठे आहे?" साहेबांनी दोन्ही कागद समोरासमोर ठेवले, खूप वेळ बघितले आणि हात टेकले.

तर आता मी परत खड्ड्यात. अंधार, ग्रीस, पाठ भिंतीला. पहिल्या दिवशी वरून दोन शिट्ट्या आल्या, आहेस का? मी म्हटलं, फूऽऽ. वर शांतता. लिफ्ट हलली नाही. मला वाटलं, झालं, आता परत वॉशर. इतक्यात जिन्यावर पावलं वाजली, एकेक मजला, धापा टाकत, गुडघ्याला हात लावत. आणि तो आला. चार हात लांब नाही, पार खड्ड्याच्या काठावर येऊन वाकला, उंदीर असताना. म्हणाला, "आहेस ना?"

म्हटलं, आहे.

"बरं," म्हणाला, आणि गेला वर.

तेव्हापासून हे असंच चाललंय. दोघं लिफ्टवाले, आणि एकाचा जन्म जिन्यावर. मी त्याला म्हटलं, अरे, वेडा आहेस का, तुझे गुडघे जातील, मी फुंकलं की आहे असं समज ना. तर कपाळाचा घाम पुसत काय म्हणतो माहितीये?

"तुला शिट्टी येते असं कोर्टाने सांगितलंय, कोर्टाचा अवमान नको. तू फुंकत राहा, ऐकायला मी खाली येतो."